ढगाची सोंड आणि एका व्यापाऱ्याचे ‘मला ठाऊक नाही’

मागच्या पावसाळ्यात एक दिवस शाळा सुटल्यावर आठवीतला एक मुलगा फाटकाशी माझी वाट पाहत थांबला होता. त्याने भावाचा मोबाईल पुढे केला. पडद्यावर काळाभोर ढग, खाली समुद्र, आणि ढगापासून पाण्यापर्यंत लोंबणारी एक लांब, वळवळणारी सोंड. खाली उर्दूत मजकूर होता: समुद्रातून अजदहा वर निघाला आहे, ही कयामतची निशाणी आहे, वीस जणांना पाठवा. ठिकाण नव्हते, तारीख नव्हती, चित्रण कोणी केले तेही नव्हते.

“सर, हे खरंय का?”

“दिसतंय ते खरं असू शकतं,” मी म्हणालो. “लिहिलंय ते खरं नाही.”

“मग हे काय आहे?”

मी त्याला ‘जलस्तंभ’ हा शब्द सांगितला. शब्द सांगितला की उत्तर दिल्यासारखे वाटते, हा आम्हा मास्तरांचा जुना रोग. मुलगा मान हलवून गेला, पण त्याचे समाधान झाले नव्हते हे मला दिसत होते.

आठवडाभराने तीच चित्रफीत दुसऱ्या एका गटातून माझ्याकडे आली. या वेळी मजकूर निराळा होता. या जलस्तंभाचे सगळे विज्ञान मुसलमानांनी हजार वर्षांपूर्वीच शोधून ठेवले होते, युरोपने ते चोरले, आणि आपल्या मुलांना हे कोणी शिकवत नाही, असे त्यात होते. पहिला मजकूर घाबरवणारा, दुसरा छाती फुगवणारा. पण दोन्ही लिहिणाऱ्यांनी ती चित्रफीत नीट पाहिली असेल असे मला वाटत नाही. दुसऱ्याने जुनी पुस्तके उघडली असतील असे तर मुळीच वाटत नाही. ती उघडावीत म्हणून मी बसलो. जे हाती लागले ते मजकुरातल्या फुशारकीपेक्षा पुष्कळ साधे होते, आणि माझ्या मते पुष्कळ मोलाचे.

हिजरी २३७, म्हणजे इसवी सन ८५१ च्या सुमारास अरबीत एक छोटे पुस्तक लिहिले गेले. ‘अखबार अस्-सीन वल-हिंद’ या नावाने ते ओळखले जाते. चीन आणि हिंदच्या खबरी, असा त्याचा अर्थ. इराणच्या आखातातून निघणारे व्यापारी मस्कतवरून हिंदच्या किनाऱ्याला, तिथून सरनदीप म्हणजे श्रीलंका, पुढे बंगालचा उपसागर आणि मग चीन, असा प्रवास करीत. त्यांनी पाहिलेले आणि ऐकलेले त्यात नोंदलेले आहे. काही जण हे पुस्तक सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर घालतात. पण मूळ लिहिणाऱ्याने आपले नाव दिलेले नाही. त्याची एकच जुनी हस्तलिखित प्रत आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आपल्या दृष्टीने आणखी एक गंमत म्हणजे बलहराच्या, म्हणजे राष्ट्रकूट राजाच्या मुलखाचे वर्णन करताना हा लेखक त्याची सुरुवात ‘कुमकम’ नावाच्या किनाऱ्यापासून होते असे सांगतो. कुमकम म्हणजे आपले कोकण.

या पुस्तकात समुद्राच्या नवलांमध्ये एक छोटा परिच्छेद येतो. त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. कधी कधी या समुद्रावर एक पांढरा ढग दिसतो, त्याची सावली जहाजांवर पडते. मग त्यातून एक लांब, बारीक जीभ निघते आणि खाली येत येत पाण्याला चिकटते. तिथले पाणी उकळल्यासारखे होते, वावटळ उठावी तसे फिरते. त्या वावटळीत जहाज सापडले तर ती ते गिळून टाकते. नंतर तो ढग वर चढतो आणि पाऊस पाडतो, त्या पावसात समुद्रातला कचरा असतो. एवढे सांगून लेखक म्हणतो की ढग समुद्रातून पाणी ओढून घेतो की हे कसे होते, ते मला ठाऊक नाही.

आज जलस्तंभाचे वर्णन कोणी दोन-चार ओळींत लिहायचे म्हटले तर यापेक्षा फार चांगले लिहिता येईल का, याची मला शंका आहे. ढगाचा रंग आहे, आकार आहे, कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर घडली तो क्रम आहे, पाण्यावर काय दिसले ते आहे, धोका आहे, शेवट आहे. ‘सूरह बकरा’मध्ये आग असलेल्या वावटळीसाठी ‘इअसार’ हा शब्द आलेला आहे. हा लेखक मुसलमान होता, त्याला तो शब्द माहीत नसेल असे कसे म्हणावे? पण त्याने तो इथे आणला नाही. त्याने ‘झौबआ’ हा साधा शब्द घेतला. वाळवंटात धुळीची गिरकी उठते तिचे हे नाव. उर्दूत आपण जिला बगूला म्हणतो. समुद्रावरच्या अनोळखी गोष्टीसाठी त्याने जमिनीवरची ओळखीची उपमा दिली आणि तिथेच थांबला. निशाणी म्हटले नाही, अजदहा म्हटले नाही. जिथे कळले नाही तिथे कळले नाही असे लिहिले.

अजदहा म्हणणारे त्याही काळी होते. अरबीत त्याला ‘तिन्नीन’ म्हणत. समुद्रातला एक अफाट सर्प, ढग त्याला उचलतात आणि दूर याजूज-माजूजच्या मुलखात नेऊन टाकतात, अशा गोष्टी अजाइबच्या, म्हणजे नवलकथांच्या पुस्तकांत पुढे शतकानुशतके चालत राहिल्या. माझ्या विद्यार्थ्याच्या मोबाईलवरचा अजदहा याच वंशातला. पण या गोष्टींच्या बाजूलाच वेगळे मतही नोंदलेले आहे, आणि ते नोंदणारा माणूस आपल्या किनाऱ्यावर येऊन गेलेला आहे.

अल-मसूदी हा बगदादचा. इ.स. ९५६ मध्ये तो मिसरमध्ये वारला. आयुष्याचा मोठा भाग त्याने प्रवासात काढला. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, तो सैमूरला होता. सैमूर म्हणजे आजचे चौल, अलिबागच्या दक्षिणेला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो: सीराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले. राजा झंझ, म्हणजे शिलाहार. मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे, त्याला ‘हुनरमन’ म्हणत. कोकणी मुसलमानांच्या इतिहासावर लिहिणारा कोणीही या उताऱ्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

हाच मसूदी ‘मुरूजुज्जहब’ या आपल्या ग्रंथात समुद्रांविषयी लिहिताना तिन्नीनकडे येतो. लोकांत याबद्दल मतभेद आहेत, असे तो आधीच सांगून टाकतो. काहींच्या मते तो प्राणी आहे. पण काहींचे म्हणणे असे की तो प्राणी नव्हेच, तो एक काळा वारा आहे. समुद्राच्या तळाशी तो उत्पन्न होतो, वर चढतो, आणि जमिनीवरची वावटळ धूळ घेऊन वर जाते तसा फिरत फिरत ढगाला जाऊन भिडतो. अंधारलेले आभाळ आणि लांबच लांब काळी आकृती बघून लोकांना वाटते की समुद्रातून साप निघाला. हे तिन्नीन जास्त करून शामच्या किनाऱ्यावर दिसतात, तराबलस, लाजिकिया आणि अंताकियाजवळच्या अकरा डोंगराच्या बाजूला, असेही तो नोंदवतो. भूमध्य समुद्राच्या त्या पूर्व टोकाला थंडीच्या दिवसांत आजही जलस्तंभ दिसतात. म्हणजे गोष्ट सापाची असली तरी पत्ता खरा होता.

इथे एक सांगितले पाहिजे. मसूदीची ही नोंद शामच्या किनाऱ्याची आहे, चौलची नाही. मसूदी चौलला आला आणि त्याने जलस्तंभावरही लिहिले, या दोन खऱ्या गोष्टी जोडून ‘चौलला जलस्तंभाचा शोध लागला’ असा तिसरा खोटा मजकूर सहज तयार होईल. कोणी तो तयार करू नये.

आता दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहा. पहिला म्हणतो, जीभ ढगातून खाली येते. दुसऱ्याने ज्यांचे मत नोंदवले ते म्हणतात, वारा खालून वर जातो. दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत आणि अगदी उलट सांगत आहेत. यातले बरोबर कोण, हे ठरायला पुढे हजार वर्षांहून अधिक काळ गेला.

मधल्या काळात जहाजावरच्या लोकांना जलस्तंभाचे काय करायचे याचा एक उपाय ठाऊक होता, किंवा ठाऊक आहे असे त्यांना वाटत होते. तोफ डागायची. गोळा आरपार गेला की स्तंभ मोडून पडतो, अशी युरोपच्या खलाशांची समजूत होती. अमेरिकेतले बेंजामिन फ्रँकलिन, विजेच्या प्रयोगांमुळे आपल्याला माहीत असलेले, यांना ही गोष्ट पारखून पाहावीशी वाटली. जमिनीवरची वावटळ आणि समुद्रावरचा जलस्तंभ मुळात एकाच जातीचे आहेत, असे मत त्यांनी १७५३ मध्ये एका पत्रात सविस्तर मांडले होते. १७५५ मध्ये मेरीलँडला घोड्यावरून जाताना त्यांना समोर धुळीची वावटळ उठलेली दिसली. बाकीचे लोक थांबले. फ्रँकलिन मात्र घोडा तिच्या अंगाअंगाने नेत राहिले आणि तोफेच्या गोळ्याऐवजी हातातल्या चाबकाने तिच्यावर फटके मारून पाहिले. वावटळीवर काही परिणाम झाला नाही. तसे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

अठरा वर्षांनी, १७ मे १७७३ रोजी, कॅप्टन जेम्स कुक यांचे ‘रेझोल्यूशन’ जहाज न्यूझीलंडच्या दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत केप स्टीफन्सजवळ होते. वारा एकाएकी पडला, आभाळ भरून आले आणि एकामागून एक सहा जलस्तंभ दिसले. त्यातला एक जहाजाच्या मागच्या बाजूने अवघ्या पन्नास यार्डांवरून गेला. तोफ तयार ठेवलेली होती, पण ती उडालीच नाही. कुक यांनी रोजनिशीत यावर खेद व्यक्त केला आहे. प्रयोग करून पाहायला हवा होता, पण ते अद्भुत दृश्य पाहण्यात आपण इतके गुंतलो की संकट टळल्यावर तोफेचे लक्षातच राहिले नाही, असा त्यांच्या लिहिण्याचा भाव आहे. मला कुक यांची ही नोंद आवडते. दोनशे माणसांचा मसूदा नव्हे, दर्यावर्दी माणसाची साधी कबुली आहे ती.

त्याच जहाजावर विल्यम हॉजेस हा चित्रकार होता. प्रवासात दिसेल ते रेखाटायचे हेच त्याचे काम. लंडनला परतल्यावर १७७६ मध्ये त्याने या प्रसंगाचे मोठे तैलचित्र केले. ते ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे. चित्र देखणे आहे. पण हॉजेस त्या दिवशी जहाजावर उभा होता, आणि चित्र पाहणारा माणूस मात्र जमिनीवर उभा राहून जहाजाकडे पाहतो. पुढे किनाऱ्यावर माणसे आहेत, आभाळ नाट्यमय आहे. चित्रकाराने खोटेपणा केला असे मी म्हणणार नाही, त्या काळच्या चित्रकलेची ती रीतच होती. पण या चित्रावर फूटपट्टी ठेवून स्तंभाची उंची काढता येणार नाही. त्यासाठी कॅमेरा यावा लागला.

कॅमेरा आला म्हणजे खोटेपणा संपला, असेही नाही. १८८४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत डाकोटा भागातल्या हॉवर्ड गावाजवळ टोर्नेडोचा एक फोटो घेतला गेला. जगातल्या अगदी सुरुवातीच्या टोर्नेडोच्या फोटोंपैकी तो एक, आणि त्याच्यावर नंतर हाताने बरेच काम केले गेले असे जाणकार सांगतात. म्हणजे फोटो आणि फोटोवरची रंगरंगोटी यांची जोडी मोबाईलच्या आधीपासूनची आहे.

खरी गोष्ट घडली १९ ऑगस्ट १८९६ रोजी. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापासून जवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तिथल्या कॉटेज सिटी या गावी उन्हाळ्यात हवा खायला लोक येत. त्या दिवशी दुपारी पाऊण ते दीडच्या दरम्यान समुद्रावर एक प्रचंड जलस्तंभ उभा राहिला, नाहीसा झाला, पुन्हा झाला, असा तीनदा दिसला. किनाऱ्यावर माणसांची गर्दी होती आणि त्या गर्दीत कॅमेरेही होते. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या मिनिटांना फोटो घेतले.

अमेरिकेच्या हवामान खात्यातले फ्रँक बिगेलो यांनी ते फोटो गोळा केले. कोणता फोटो कुठे उभे राहून घेतला, किती वाजता घेतला, त्यात किनाऱ्यावरची किंवा पाण्यातली कोणती ओळखीची खूण दिसते, हे त्यांनी तपासले आणि एकमेकांशी ताडून पाहिले. दोन ठिकाणांहून एकाच वस्तूकडे पाहिले की त्रिकोण तयार होतो आणि अंतर काढता येते. दहावीच्या भूमितीत आपण हेच शिकतो. अंतर कळले की उंची कळते. स्तंभ सुमारे ३,६०० फूट, म्हणजे ११०० मीटर उंच निघाला. त्यांचा हा अभ्यास १९०६ मध्ये अमेरिकेच्या हवामान खात्याच्या मासिकात आला.

हदीसचा थोडासा अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांना बिगेलो यांची रीत परकी वाटणार नाही. एकच रिवायत वेगवेगळ्या रावींकडून आली, ते एकमेकांना ओळखत नव्हते, त्यांनी आपसात ठरवून सांगितलेले नाही, आणि तरी सांगणे जुळते, तर तिचे वजन वाढते. सनद नसलेली गोष्ट कितीही सुंदर असली तरी तिच्यावर हुकूम उभा राहत नाही. आपल्याकडच्या मुहद्दिसांनी एका वाक्यासाठी महिनोन्‌महिने प्रवास केले. त्याच उम्मतच्या मोबाईलमध्ये आज ना रावी, ना सनद, ना तारीख असलेली चित्रफीत येते आणि आपण नमाजला जाता जाता ती वीस जणांना पाठवतो. वीस जणांनी पाठवली म्हणजे वीस साक्षी झाले, असे होत नाही. साक्षीदार एकच, आणि तोही बेनाव.

फोटोंनी उंची सांगितली, पण वरून की खालून हा प्रश्न राहिलाच होता. त्याचे उत्तर फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, बेटांच्या रांगेत मिळाले. तिथे उथळ, ऊन पाणी आहे आणि उन्हाळ्यात दरवर्षी शेकड्यांनी जलस्तंभ होतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ गोल्डन या हवामानशास्त्रज्ञाने तिथे किनाऱ्यावरून पाहणे सोडून विमानातून पाहायला सुरुवात केली. १९६९ मध्ये तर विमानातून समुद्रावर धूर सोडणाऱ्या नळकांड्या टाकल्या. धूर कसा वळतो ते पाहून पाण्यालगतचा वारा कसा फिरतो ते दिसू लागले. या सगळ्यावरून १९७४ मध्ये त्यांनी जलस्तंभाच्या आयुष्याच्या पाच अवस्था मांडल्या.

पहिल्या अवस्थेत पाण्यावर फक्त एक गोल काळसर डाग दिसतो. सोंड अजून नसते, किंवा ढगाच्या बुडाशी एखादे लहानसे टोक असते. किनाऱ्यावरच्या माणसाला काहीच दिसत नाही, पण भोवरा तिथे फिरू लागलेला असतो. दुसऱ्या अवस्थेत डागाभोवती काळ्या-फिक्या पाण्याचे वळसे दिसतात. तिसऱ्या अवस्थेत पाणी फवाऱ्यासारखे वर उडते आणि ढगातून नरसाळ्याच्या आकाराची सोंड खाली उतरू लागते. चौथी अवस्था भर जवानीची, ढगापासून पाण्यापर्यंत उभा स्तंभ. पाचव्या अवस्थेत जवळच्या पावसाची थंड हवा खाली येऊन पसरते, स्तंभ वाकडातिकडा होतो आणि विरतो. हे सगळे बहुधा वीस मिनिटांच्या आत आटोपते.

कारण असे सांगतात. समुद्रावर दोन दिशांचे मंद वारे जिथे एकमेकांना घासून जातात तिथे हवेला थोडी फिरकी मिळते. वर ढग वाढत असतो, त्याच्याखालची हवा वर चढत असते. ती या फिरकीला उभी ताणते. ताणली की ती बारीक होते आणि बारीक झाली की जोराने फिरते. गिरकी घेताना पसरलेले हात अंगाशी ओढले तर वेग वाढतो, तसेच. भोवऱ्याच्या पोटात दाब कमी होतो, हवा थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात. वरच्या बाजूला हे आधी घडते, म्हणून सोंड ढगातून उतरताना दिसते. म्हणजे दिसणारी सोंड हे वर ओढलेले समुद्राचे पाणी नव्हे, तो ढगच आहे. खारे पाणी उडते ते तळाशी. मोठ्या गडगडाटी वादळातून होणारा जलस्तंभ याहून वेगळा. तो म्हणजे समुद्रावर चालणारा टोर्नेडोच, आणि त्याची फिरकी वरच्या ढगातून येते. पण बहुतेक जलस्तंभ पहिल्या प्रकारचे असतात.

आता त्या दोन अरबी नोंदींकडे परत या. ढगातून जीभ खाली येते असे लिहिणाऱ्याला जे दिसले ते खरे होते, सोंड तशीच उतरते. वारा खालून उठतो म्हणणारेही निम्मे खरे होते, फिरकी पाण्यालगतच सुरू होते; फक्त ती समुद्राच्या तळातून येत नाही. दोघांपाशी सत्याचा एकेक तुकडा होता. म्हणून ‘मुसलमानांनी सगळे शोधून ठेवले होते’ हे म्हणणे खोटे आहे. त्यांनी धुराची नळकांडी टाकली नव्हती, त्रिकोण मांडून उंची काढली नव्हती. आणि ‘त्यांनी काय केले, सापाच्या गोष्टी सांगितल्या’ हे म्हणणेही खोटे आहे. त्यांनी पाहिले, क्रमाने लिहिले, मतभेद असेल तिथे मतभेद नोंदवला, आणि एकाने आपले अज्ञान स्वतःच्या सहीसारखे खाली लिहिले. मला वारसा सांगायचा असेल तर मी हा सांगेन. तो आपल्याला घरबसल्या मिळत नाही, प्रत्येक वेळी पाळावा लागतो.

तो पाळणे किती अवघड आहे ते मी स्वतः अनुभवले. हे सगळे वाचून झाल्यावर सप्टेंबरात मी रेवदंड्याला गेलो होतो. चौल आणि रेवदंडा एकमेकांना लागूनच आहेत. किल्ल्याच्या तटाशी उभा असताना समुद्रावर दूर एक ढग आला आणि त्याच्या बुडापासून पाण्यापर्यंत एक काळा खांब मला दिसला. काय सांगू, छाती धडधडली. मसूदी जिथे उतरला त्या किनाऱ्यावर मला जलस्तंभ दिसत होता! मी भराभर फोटो काढले, मोठे करून पाहिले, आणि गटात टाकण्यासाठी मजकूरही लिहायला घेतला.

शेजारी एक म्हातारे तांडेल जाळे शिवत बसले होते. त्यांनी माझी धांदल पाहिली.

“काय मास्तर, काय गावला?”

मी बोट दाखवले. “चाचा, सोंड उतरलीय बघा.”

त्यांनी डोळे बारीक करून एकदा पाहिले. “ती फिरते काय?”

मी पाहिले. ती फिरत नव्हती.

“तिच्या बुडाला पानी उडतंय काय?”

पाणी उडत नव्हते.

“मंग ती सोंड नाय. ती सर हाय. आत्ता इकडं येल.”

दहा मिनिटांत सर आली आणि आम्ही दोघे तटाच्या आडोशाला उभे राहिलो. मी मोबाईलमधला अर्धवट मजकूर पुसून टाकला. हजार वर्षांच्या नोंदी वाचून गेलेल्या माणसाने जे दोन प्रश्न स्वतःला विचारायला हवे होते ते त्या चाचांनी जाळ्यावरून हात न काढता विचारले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात मुठा नदीवर उंच फिरते खांब दिसल्याच्या चित्रफिती सगळीकडे फिरल्या होत्या. दुरून हुबेहूब वावटळ, आणि ते होते किड्यांचे थवे. तेव्हा फसण्यात लाज नाही. तपासायच्या आधी पाठवण्यात आहे.

म्हणून ज्यांना किनाऱ्यावर असे काही दिसेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. फोटोत क्षितिज आडवे आणि सरळ येऊ द्या. एखादी न हलणारी खूण, दीपस्तंभ, खडक, किल्ल्याचा बुरूज, चौकटीत ठेवा. जागा न सोडता दर मिनिटाला एक फोटो घ्या. ढगाचे बूड आणि पाण्याचा पृष्ठभाग दोन्ही दिसू द्या, कारण खरी ओळख तळाशी पटते. कुठे उभे होतो, कोणत्या दिशेला पाहत होतो, किती वाजले होते, हे लगेच लिहून ठेवा. फोटोचे रंग गडद करू नका. आणि यातले काहीही जिवापेक्षा मोठे नाही. विजा चमकत असतील तर उघड्यावर थांबू नका. होडीत असाल तर फोटोचा नाद सोडा आणि स्तंभ ज्या दिशेने सरकतो तिच्या काटकोनात दूर व्हा. नववे शतक असो की एकविसावे, तो लहान होडी उलटवू शकतो हे त्या व्यापाऱ्याने खरेच सांगितले आहे.

शाळेत परतल्यावर मी आठवीच्या वर्गात एक तास यासाठी घेतला. चित्रफीत दाखवली नाही. त्या जुन्या नोंदीचा आशय फळ्यावर लिहिला आणि मुलांना म्हटले, काढा चित्र. बहुतेकांनी ढगातून खाली येणारी जीभ काढली. तिघा-चौघांनी समुद्रातून वर जाणारी काढली. त्यांच्यात जोरात भांडण लागले. ते मी मुद्दाम बराच वेळ चालू दिले, कारण त्या भांडणाला हजारांहून जास्त वर्षे झाली आहेत हे मला ठाऊक होते.

मोबाईल घेऊन आलेला मुलगा मात्र भांडणात नव्हता. तो फळ्यावरच्या शेवटच्या ओळींकडे पाहत होता. त्याने हात वर केला.

“सर, सोंडेत समुद्राचं पाणी नसतं म्हणता, तर मग पावसात समुद्राचा कचरा कसा आला?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. तळाचा फवारा, वर ओढणारी हवा, हलक्या वस्तू, असे काही मला सांगता आले असते. पण त्या दिवशी, त्या जहाजावर नेमके काय पडले, हे मी पाहिले नव्हते. मी खडू खाली ठेवला आणि त्याला सांगितले, “मला ठाऊक नाही. बस, शोधू या.”